जुनी चेतक घरी रंगवायची असेल तर: पत्र्यापासून पॉलिशपर्यंत

महाराष्ट्रात अजूनही कितीतरी घरांच्या जिन्याखाली बजाज चेतक उभी असते. १९७२ मध्ये आकुर्डीहून ही स्कूटर बाहेर पडायला लागली, आणि आज ती घराबाहेर काढली तरी एखाददुसऱ्या किकमध्ये सुरू होते. गेलेला असतो तो रंग. गॅरेजमध्ये विचारलं तर ‘दोन दिवसांत नवी करून देतो’ असं सांगतात आणि खरंच देतात. पुढच्या पावसाळ्यानंतर मात्र फुटबोर्डच्या कडेला फोड यायला लागतात. पेंटरच्या हाताला दोष नसतो. जुना रंग खरवडून, गंज मुळापासून काढून, प्रत्येक थर पूर्ण वाळू देण्याइतका वेळ दिला, तर त्या पैशांत त्याचं पोट भरत नाही. तो वेळ तुमच्याकडे असतो, आणि घरी रंगवण्याचा खरा फायदा तोच. पैसे थोडेफार वाचतात, पण फक्त त्यासाठी या कामात पडू नका.

चेतकला वेगळी फ्रेम नसते. पत्र्याचा सांगाडा हीच गाडी. त्यामुळे इथे रंग म्हणजे नुसती शोभा नाही, सांगाडा गंजण्यापासून वाचवायचं ते कवच आहे. प्रिया, एलएमएल वेस्पा अशा पत्र्याच्या बाकी स्कूटरनाही खाली दिलेलं जवळजवळ सगळं लागू पडतं. प्लॅस्टिक बॉडीच्या गाड्यांचं गणित वेगळं आहे. त्यांना प्लॅस्टिकसाठीचा खास प्रायमर लागतो, आणि तो नसेल तर रंग सोलून निघतो.

१. पहिल्यांदा आरसी काढून रंग वाचा

आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. तोच रंग द्यायचा असेल तर काही प्रश्न नाही. दुसरा द्यायचा असेल तर रंगवण्याआधी तुमच्या आरटीओत जाऊन नोंद बदलण्याची प्रक्रिया विचारून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. आधी रंगवून मग धावपळ करण्यात अर्थ नाही. आरसीवर एक रंग आणि रस्त्यावर दुसरा, अशी गाडी अडवली गेली तर ती चोरीची नाही हे पटवून देण्याची पाळी तुमच्यावर येते.

ऑलिव्ह ग्रीन, म्हणजे लष्करी हिरवा, निवडू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी आहे. दुकानदार डबा देईल, पण रस्त्यावर जबाबदारी तुमचीच.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्या तपासणीच्या निमित्तानेच बरेच जण गाडी रंगवायला काढतात. तपासणीत चेसिस नंबर बघतात, त्याचा पेन्सिलने कागदावर छापही घेतात. म्हणून चेसिस नंबर ज्या जागी ठोकलेला आहे तिथे ग्राइंडर, जाड पॉलिश पेपर किंवा पुट्टी अजिबात नेऊ नका. मऊ पितळी ब्रशने हलकी सफाई करा, पातळ प्रायमर आणि पातळ रंग द्या, बस. अंक पुट्टीने बुजले किंवा घासून पुसट झाले, तर नंबरशी छेडछाड झाल्याचा संशय येतो. काम सुरू करण्याआधी त्या अंकांचा जवळून फोटो काढून ठेवा.

हाताशी ठेवायचे कागद: आरसी, चालू विमा, रंगवण्याआधीचे चारही बाजूंचे फोटो, आणि रंग बदलणार असाल तर आरटीओची पोच.

२. हंगाम आणि जागा

आपल्याकडे बहुतेकांना गाडी दसऱ्याच्या पूजेला चकचकीत हवी असते, म्हणून काम भाद्रपदात काढलं जातं. यापेक्षा वाईट वेळ नाही. हवेत ओल असते. स्प्रे केल्यावर थिनर झपाट्याने उडतो, त्याने पत्रा गार पडतो, हवेतली वाफ ओल्या रंगावर धरते आणि रंगावर पांढरट, दुधी झाक येते. पेंटर याला ब्लशिंग म्हणतात.

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. सकाळी दव उडून गेल्यावर सुरुवात करायची आणि दुपारचा वारा सुटायच्या आत हात आवरायचा. मुहूर्तच हवा असेल तर गुढीपाडवा धरा, म्हणजे आधीचा सगळा कोरडा हंगाम हातात राहतो. कोकणात वर्षभर दमटपणा असल्यामुळे थिनरमध्ये थोडा रिटार्डर घालावा लागतो. तो थिनरचा उडण्याचा वेग कमी करतो. विदर्भात मे महिन्यात उलट अडचण येते, पत्र्यावर पोचायच्या आधीच रंग हवेत सुकतो आणि हाताला खरखरीत भुकटी लागते.

जागा सावलीची, वरून झाकलेली आणि दोन बाजूंनी उघडी हवी. बंगल्याचं पोर्च, गावाकडचा गोठा किंवा पडवी उत्तम. सोसायटीच्या पार्किंगमध्ये घासण्याचं काम करता येतं, पण तिथे स्प्रे करू नका. रंगाचा फवारा वाऱ्याबरोबर बराच लांब जातो आणि शेजाऱ्याच्या गाडीच्या काचेवर बसतो. फ्लॅटमध्ये राहत असाल तर साइड पॅनल, मडगार्ड, हँडलचं झाकण हे सुटे भाग गच्चीवर तारेला टांगून रंगवता येतात. बॉडीसाठी मात्र एखाद्या नातेवाइकाचं अंगण शोधा.

स्प्रेच्या दिवशी जमिनीवर पाणी शिंपडा, धूळ बसते. आसपास गॅस गीझर, शेगडी, देवघरातली समई, उदबत्ती काहीही पेटतं नको. थिनरची वाफ जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या ज्योतीपर्यंत पोचून पेट घेऊ शकते.

३. कोणता रंग: एनसी की पीयू?

घरी काम करणाऱ्यासमोर दोन पर्याय असतात.

एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज. आपल्याकडचे जुने पेंटर याला सरसकट ड्युको म्हणतात. फक्त थिनर घालून मारता येतो, भराभर सुकतो, चूक झाली तर घासून पुन्हा मारता येतो. तोटे दोन. मुळात चमक कमी असते, ती पॉलिश करून आणावी लागते. आणि पेट्रोल सांडलं की तो विरघळतो. चेतकची टाकी सीटखाली असते, पेट्रोल भरताना सांडलेला थेंब ओघळून तिथल्याच पत्र्यावर येतो.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. हा हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) मिसळून मारायचा रंग. चमक जबरदस्त, पेट्रोलला दाद देत नाही, बरीच वर्षं टिकतो. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्याचा फवारा श्वासातून गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. कोविडच्या काळातला कापडी किंवा एन-९५ मास्क इथे उपयोगाचा नाही, कारण तो कण अडवतो, वाफ अडवत नाही. व्यावसायिक बूथमध्ये, म्हणजे स्प्रेसाठीच्या बंद खोलीत, यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारे मास्क वापरतात.

माझं स्पष्ट मत असं आहे की पीयूचा स्प्रे घरी करू नका. लहान मुलं किंवा दम्याचा माणूस घरात असेल तर विचारही नको. पीयूच हवा असेल तर सरफेसरपर्यंतचं (रंगाच्या आधी पृष्ठभाग सपाट करणारा थर) सगळं काम घरी करा आणि फक्त शेवटचे कोट बूथ असलेल्या पेंटरकडून मारून घ्या. तयार बॉडी नेली तर त्याचं काम अर्ध्या दिवसाचं राहतं. खालचं काम तुमच्या हातचं असल्यामुळे रंगाखाली काय आहे हेही तुम्हाला माहीत असतं. जुन्या चेतकसाठी मला हाच मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

खाली मी एनसी धरून सांगतो, कारण पूर्णपणे घरी होण्यासारखा तोच आहे. पहिल्या वेळी साधा रंग निवडा. मेटॅलिक नको. त्यातली चमकी एकसारखी बसली नाही तर ढग आल्यासारखे पट्टे दिसतात, आणि वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक, कोट लागतो तो वेगळाच.

शेड जुळवायची असेल तर दुकानात गाडीचा फोटो नेऊ नका. ज्या भागाला ऊन लागलेलं नाही असा एखादा तुकडा न्या. पुढच्या डिकीच्या झाकणाची आतली बाजू सगळ्यात खरी. बाहेरचा रंग उन्हाने फिका पडलेला असतो, आणि त्यावरून शेड बनवली तर कंपनीचा मूळ रंग येत नाही.

४. सामान

- पॉलिश पेपर: ८०, १२०, २२०, ३२० नंबर. वॉटर पेपर: ४००, ८००, १०००, १५००, २०००. रबराचा घासणी ठोकळा. ठोकळ्याशिवाय घासलं तर बोटांच्या खाचा उमटतात.
- वायर ब्रश, पत्र्याची पट्टी किंवा खरवडणी, पेंट रिमूव्हर
- दोन भागांत येणारा इपॉक्सी प्रायमर
- पॉलिएस्टर पुट्टी हार्डनरसह, आणि बारीक छिद्रांसाठी थोडी एनसी पुट्टी
- एनसी सरफेसर, पूर्ण स्कूटरला साधारण १ लिटर
- एनसी रंग, १ ते दीड लिटर
- चांगल्या प्रतीचा एनसी थिनर. सुटा, स्वस्त थिनर फक्त गन धुवायला वापरा
- मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रं, टॅक क्लॉथ (धूळ टिपणारं चिकट फडकं)
- कॉम्प्रेसर, पाणी अडवणारा फिल्टर, स्प्रे गन
- ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा (थिनरची वाफ अडवणारा) मास्क, नायट्राइल हातमोजे, गॉगल
- रबिंग कंपाउंड, पॉलिश

मास्क एनसीसाठीही हवाच, त्यावर पैसे वाचवू नका. कॉम्प्रेसर विकत घ्यायची गरज नाही, हार्डवेअरच्या दुकानांतून किंवा ओळखीच्या पेंटरकडून भाड्याने मिळतो. कॉम्प्रेसर नसलेल्या, विजेवर चालणाऱ्या गन ऑनलाइन स्वस्तात दिसतात. सरफेसरपुरत्या त्या चालतात, पण रंगाचे थेंब मोठे पडतात. ४०० मिलीचे स्प्रे कॅन मडगार्ड किंवा साइड पॅनलपुरते ठीक, पूर्ण गाडीला ते महागही पडतात आणि थरही पातळ येतो.

बीडिंग (कडांवर बसवायची पट्टी), रबर, फुटबोर्डच्या पट्ट्या हे चेतकचं सामान पुण्यात नाना पेठेत अजून मिळतं. गाडी खोलायच्या आधी आणून ठेवा.

५. गाडी खोलणं

सीट, दोन्ही साइड पॅनल, पुढची डिकी, हेडलाइट, हॉर्नचं कव्हर, मडगार्ड, स्टेपनी, चाकं, पेट्रोलची टाकी एवढं उतरवा. टाकी रिकामी करून कामाच्या जागेपासून लांब ठेवा. प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, वर नाव लिहून. वायरिंग सोडताना प्रत्येक जोडाचा फोटो घ्या. इंजिन उतरवलंच पाहिजे असं नाही, जाड प्लॅस्टिकने नीट गुंडाळलं तरी चालतं. कार्ब्युरेटरचं तोंड मात्र बंद करा.

फुटबोर्डच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या रिव्हेटने बसवलेल्या असतात. त्या काढायच्या म्हणजे रिव्हेट ड्रिल करावे लागतात, म्हणून बरेच जण पट्ट्यांवर टेप लावून रंगवतात. तसं करू नका. चेतक सगळ्यात आधी सडते ती या पट्ट्यांच्या आणि रबरी मॅटच्या खालीच, कारण पावसाचं पाणी तिथे साठून राहतं.

हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली असेल तर ती काढू नका. तिचे लॉक एकदा तोडले की परत वापरता येत नाहीत, आणि नव्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. प्लेट कागद आणि टेपने झाका.

६. जुना रंग कोणता आहे, ते कापसाने ओळखा

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि कुणी करत नाही. निम्म्या गाड्यांचं काम इथेच बिघडतं.

कापसाचा बोळा एनसी थिनरमध्ये बुडवून, न दिसणाऱ्या जागी जुन्या रंगावर दाबून धरा. रंग विरघळून कापसाला लागला तर तो एनसी आहे, त्यावर एनसी बिनधास्त मारता येतो. रंग फुगला, सुरकुतला, तर मधे कुणीतरी साधा सिंथेटिक इनॅमल मारला आहे. त्यावर एनसी गेला की सगळा पृष्ठभाग उचलून येणार, म्हणून तो थर पूर्ण काढा. काहीच झालं नाही तर तो कंपनीचा भट्टीत पक्का केलेला रंग किंवा पीयू असणार. तो घट्ट धरलेला असेल तर काढायची गरज नाही, ३२० ने खरखरीत करून त्यावर पुढचे थर देता येतात.

याच कारणाने हार्डवेअरच्या दुकानातला नेहमीचा रेड ऑक्साइड इथे वापरू नका. खिडकीच्या गजांना लावतात तो सिंथेटिक असतो. त्यावर एनसीचा पहिला कोट बसतो, दुसऱ्याला सुरकुत्या पडतात, आणि दोष रंगाच्या डब्याला दिला जातो.

७. धुणं, खरवडणं, गंज

आधी धुवा, मग घासा. हा क्रम उलटा करू नका. टू-स्ट्रोक गाडीच्या पत्र्यावर ऑइलचा पातळ थर असतो. तो असताना घासलं तर तेल ओरखड्यांत जाऊन बसतं आणि मग निघत नाही. भांड्यांच्या साबणाने आणि गरम पाण्याने दोनदा धुवा, पूर्ण वाळवा, मग स्वच्छ फडक्याने थिनर फिरवा. पेट्रोलने पुसू नका. सिलिकॉन असलेलं डॅशबोर्ड पॉलिश किंवा गंज सोडवायचा स्प्रे त्या जागेच्या आसपासही नको. त्याचा एक शिंतोडा पुरतो, रंगात बारीक गोल खड्डे पडत राहतात.

जुन्या गाड्यांच्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासताना मास्क लावा, मुलांना लांब ठेवा आणि पडलेली भुकटी झाडूने न उडवता ओल्या फडक्याने उचला.

आता गंज. रंगाला फोड दिसतो त्याच्या दुप्पट जागा खरवडा, कारण गंज रंगाखालून पसरत जातो. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत वायर ब्रश आणि ८० नंबर. खोल टिपके राहिलेच तर रस्ट कन्व्हर्टर लावा, पण डब्यावर लिहिल्याप्रमाणे तो नंतर पुसून किंवा धुऊन काढा. त्यातलं अॅसिड मागे राहिलं तर वरचा प्रायमर सोडतो.

मग एक मोठा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि फुटबोर्ड खालून टोचून बघा. स्टँड जिथे बसतो ती जागा, फुटबोर्डच्या दोन्ही कडा, मागच्या चाकाची कमान. पत्रा दबला किंवा टोक आरपार गेलं, तर तिथे वेल्डिंग हाच उपाय. भोकावर जाळी आणि पुट्टी लावून वरून रंग मारलेल्या गाड्या बाजारात भरपूर दिसतात. बाकी कुठल्याही गाडीत हे वाईटच, पण चेतकमध्ये ते धोक्याचं आहे, कारण त्या पत्र्यावरच तुमचं आणि मागे बसणाऱ्याचं वजन असतं. सडलेला तुकडा कापून नवा पत्रा जोडून घ्या. वेल्डिंगला नेताना टाकी घरी ठेवा.

कोरा पत्रा रात्रभर उघडा ठेवू नका. दमट हवेत सकाळपर्यंत तांबूस झाक येते. ज्या दिवशी पत्रा उघडा केला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर लागलाच पाहिजे. सगळी गाडी एका दिवसात होत नसेल तर भाग पाडून काम करा.

८. प्रायमर आणि पुट्टी

इपॉक्सी प्रायमर डब्यावरच्या प्रमाणात मिसळा. अंदाजाने नको, मापाचा पेला वापरा. फुटबोर्डच्या खाली आणि सांध्यांत तो ब्रशने लावला तरी चालतो, उलट बरा बसतो. रात्रभर वाळू द्या.

पोचे आहेत तिथे प्रायमर ३२० ने खरखरीत करून पॉलिएस्टर पुट्टी. हार्डनर वजनाने साधारण २ टक्के. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला तर महिन्याभराने रंगावर डाग उमटतात. मिसळलेली पुट्टी १०-१५ मिनिटांत घट्ट होते, म्हणून लिंबाएवढीच काढा. थर २-३ मिलिमीटरच्या वर नको. पोचा खोल असेल तर आधी हातोडीने पत्रा बाहेर काढून घ्या.

पुट्टी कोरडीच घासा. पाणी लावून घासायची सवय बऱ्याच जणांना असते, पण पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते आणि ते पाणी खालच्या पत्र्याला लागतं. १२० ने आकार, २२० ने सफाई, ३२० ने शेवट. डोळ्यांवर विसंबू नका. डोळे मिटून तळवा पूर्ण सपाट ठेवून फिरवा, चढउतार हाताला आधी कळतो. एनसी पुट्टी फक्त टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रांना. ती जाड लावली की आकसते आणि तडकते.

९. सरफेसर

एनसी सरफेसर थिनरने पातळ करून दोन-तीन कोट. गनचं नोझल १.७ किंवा १.८ मिलिमीटरचं असेल तर सोपं जातं. रात्रभर वाळवून त्यावर स्वस्त काळ्या स्प्रे कॅनची लांबून अगदी विरळ धूळ उडवा, मग ४०० च्या वॉटर पेपरने ठोकळा लावून घासा. उंच भागावरचा काळा रंग निघून जातो, खळग्यात शिल्लक राहतो. जिथे काळं उरलं तिथे अजून भरणं बाकी आहे. शेवटी सगळीकडे ८००. पाणी धरलेल्या कडा आणि सांधे उन्हात पूर्ण वाळवा.

या टप्प्यावर गाडी फिकट राखाडी आणि मॅट दिसते आणि घरातले सगळे म्हणतात, आता मारा रंग. एक दिवस थांबा आणि तिरप्या उजेडात पुन्हा बघा. इथे दिसलेला ओरखडा रंगाखाली लपत नाही, चमकेमुळे जास्तच दिसतो.

१०. रंग

रंगात थिनर साधारण तितकाच, म्हणजे एकास एक. नक्की प्रमाण डब्यावरचं धरा. नायलॉनच्या जुन्या मोज्यातून गाळून गनमध्ये ओता. नोझल १.३ किंवा १.४, दाब २ ते ३ बार. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी सोडून द्या. पहिला फवारा पुठ्ठ्यावर मारून बघा. मधे जाड आणि कडेला विरळ येत असेल तर हवा वाढवा.

गन पत्र्यापासून ६-८ इंचांवर, आणि हात सरळ रेषेत. मनगट वळवलं की मधे जाड, कडेला पातळ असा थर बसतो. ट्रिगर भागाच्या बाहेर दाबायचा, बाहेरच सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. आधी आतल्या कडा, कोपरे, खाचा. मग मोठे भाग. लेगशील्ड, म्हणजे पायांसमोरचा उभा पत्रा, सगळ्यात शेवटी, तो नजरेसमोर असतो.

पहिला कोट अगदी विरळ. खालचा राखाडी दिसला तरी भरायचा मोह आवरा. १०-१५ मिनिटं थांबून दुसरा, जरा ओलसर. असे एकूण चार-पाच. एनसीचे कोट पातळ असतात आणि पुढे घासण्यात थोडा थर जाणार असतो, म्हणून कडांवर एखादा जास्त द्या. संध्याकाळी दिवे लावून स्प्रे करू नका, चिलटं रंगात येऊन बसतात.

११. बिघडलं तर

ओघळ आला: हात लावू नका. पूर्ण सुकू द्या, ८०० ने सपाट करून वर एक कोट.

दुधी झाक आली: थांबा. हवा कोरडी झाल्यावर रिटार्डर घातलेल्या थिनरचा विरळ फवारा दिला की बहुतेक वेळा उतरते.

पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा आला: रंग घट्ट आहे किंवा गन लांब आहे. पुढच्या कोटात थोडा थिनर वाढवा. किरकोळ असेल तर पॉलिशच्या वेळी निघतो.

बारीक गोल खड्डे: तेल किंवा सिलिकॉन. वर रंग ओतत राहू नका, ते भरत नाहीत. सुकवून, घासून, पुसून पुन्हा.

सुरकुत्या: याला डागडुजी नाही. तेवढा भाग खालपर्यंत खरवडून प्रायमरपासून सुरुवात.

१२. घासणी आणि पॉलिश

एनसी तासाभरात हाताला सुकलेला वाटतो, पण आत थिनर असतो. निदान तीन-चार दिवस थांबा. मग साबणाच्या पाण्यात भिजवलेला १००० नंबर, त्यानंतर १५००, २०००. कडांवर दोनदाच हलका हात, तिथे थर लगेच कापला जातो. मग रबिंग कंपाउंड आणि सुती फडकं, एका वेळी हातभर जागा. कंपाउंड सुकू देऊ नका. हे काम हाताने होतं, मशीन नसलं तरी अडत नाही, मात्र खांदे भरून येतात. एकाच दिवशी सगळं उरकायला जाऊ नका. मेणाचं पॉलिश महिन्याभराने, तोवर थिनरला बाहेर पडायला वाट हवी.

१३. जोडणी आणि पहिला महिना

रंगवलेल्या दोन भागांमध्ये पत्रा पत्र्याला भिडतो तिथे रबर किंवा बीडिंग नवं घाला. जुनं कडक झालेलं रबर नवा रंग कापतं. फुटबोर्डच्या पट्ट्या बसवण्याआधी प्रत्येक रिव्हेटच्या भोकात ब्रशने प्रायमर आणि रंग लावा. सांध्यांच्या आतल्या पोकळीत ग्रीस किंवा गंजरोधक मेण घालायचं असेल तर ते आता, सगळं रंगकाम संपल्यावर. टाकीच्या तोंडाभोवतीची जागा पेट्रोल भरताना फडक्याने झाका. पंपावरच्या माणसाला नळी काढताना थेंब झटकू देऊ नका.

पहिला महिना प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका. आत वाफ धरते आणि कोवळ्या रंगावर डाग पडतात. उन्हापासून वाचवायची तर जुनी सुती चादर चांगली. आठवडाभर धुऊ नका, नंतरही नुसतं पाणी आणि मऊ फडकं.

उरलेला थिनर मोरीत ओतू नका. झाकणाच्या डब्यात ठेवला तर गाळ खाली बसतो आणि वरचा थिनर गन धुवायला परत चालतो. उरलेला रंग लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, म्हणजे वर हवा राहत नाही आणि साय धरत नाही. बाटलीवर शेडचं नाव, कंपनी, दुकान आणि तारीख लिहा. दगड उडून टवका गेला तर त्याच आठवड्यात जागा ८०० ने हलकी घासून, आगकाडीच्या टोकाने आधी प्रायमरचा आणि सुकल्यावर रंगाचा ठिपका द्या.